वांडा टेसेलाटाचे तीन रंग, नागपूरच्या गच्चीवर

प्रश्न असा आहे: मनीषनगरच्या गच्चीवर वांडा टेसेलाटा या ऑर्किडची तीन रोपं आहेत, एक पाकळ्यांवर तपकिरी जाळी असलेलं निळ्या ओठाचं (ओठ म्हणजे फुलाची खालची वेगळी पाकळी), एक गुलाबी ओठाचं आणि एक 'अल्बा' म्हणून घेतलेलं हिरवं-पांढरं. गुलाबी यंदा फिकट फुललं, अल्बाची पानं पिवळी पडताहेत, आणि खत बदलून रंग गडद होईल का?

खताचं आधी सांगतो. होणार नाही. जाळी तपकिरी की पिवळी, ओठ निळा की गुलाबी, हे रोपाच्या जातकुळीत ठरलेलं असतं. 'रंग खुलवणारं' म्हणून जी बाटली विकतात ती दुकानदाराचा गल्ला खुलवते. मात्र तोच रंग गडद येणार की धुतल्यासारखा, हे बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे, आणि गुलाबी तिथेच फसलं असावं. निळा-गुलाबी-तपकिरी रंग अँथोसायनिनचा. कळी फुगत असताना पारा ४२-४३ वर गेला की हे रंगद्रव्य कमी तयार होतं. मार्चअखेरची फुलं गडद आणि त्याच रोपाची मेमधली फिकट, असं त्यामुळेच होतं. कळ्या वाटाण्याएवढ्या झाल्या की रोप पूर्वेच्या सकाळच्या उन्हात आणा, अकरानंतर सावली हवीच. फूल उमलल्यावर तीन-चार दिवस थांबून मगच रंगावर मत द्या, पहिल्या दिवशी सगळीच हिरवट दिसतात.

फुलकिडेही तपासा. कोरड्या उन्हाळ्यात ते कळीत शिरून रस शोषतात आणि पाकळीवर चंदेरी-तपकिरी ओरखडे उमटतात, लोक त्यालाच रंग उडाला म्हणतात. पांढऱ्या कागदावर फूल झटका, बारीक धावणारे ठिपके दिसले तर तेच. निंबोळी तेल लिटरला ५ मिली, थोडा साबण घालून, संध्याकाळी, आणि कळ्या घट्ट मिटलेल्या असतानाच. उमललेल्या फुलावर मारलं तर डाग पडतात.

आता अल्बा. साध्या रंगाच्या टेसेलाटाला ऊन जास्त झालं की पानांवर तांबूस-जांभळे ठिपके येतात. तो इशारा आहे, अजून नुकसान नाही. अल्बात अँथोसायनिनच नसल्यामुळे हा इशारा मिळत नाही, पान सरळ पिवळं पडतं, मग पांढरा चट्टा, मग काळी वाळकी खपली. म्हणून तिन्ही एकाच दांडीवर टांगायची असतील तर अल्बा सावलीच्या टोकाला. उन्हाकडची वरची पानं पिवळी असतील तर ऊन, फक्त तळाची जुनी असतील तर मुळं किंवा उपासमार. दुपारी दोनला पानाला हात लावा, चटका बसला तर जागा चुकली.

रोप खरंच अल्बा आहे का, याची फुलाआधीची एक खूण आहे. वाढत्या मुळाचं टोक बघा. जांभळट असेल तर ते अल्बा नाही. उलट मात्र खरं धरू नका, हिरवं टोक म्हणजे अल्बाच असं नसतं. बियांपासून वाढवलेल्या रोपांत भावंडं वेगवेगळी निघतात, दोन अल्बांच्या संकरातूनही कधी रंगीत रोपं येतात. रंगासाठी पैसे मोजायचे तर फूल पाहूनच घ्या, किंवा बुंध्याला फुटलेलं पिल्लू घ्या, ते आईसारखंच निघतं. जंगलातून उपटून आणलेली 'रास्ना' (याच वांडाचं देशी नाव) स्वस्त मिळते, ती घेऊ नका. तो गुन्हा आहे, आणि मुळं तुटलेली ती रोपं बहुधा उन्हाळा काढत नाहीत.

गच्चीवरचं वर्षाचं गणित होळीपासून मांडा. होळीला ५० टक्क्यांची ग्रीन नेट, रोपांपासून दोन फूट वर. एप्रिलच्या मध्याला तिच्यावर तसलीच दुसरी, म्हणजे सावली जवळपास ७५ टक्के. रोपं फरशीपासून चार फूट उंच टांगा आणि पश्चिमेच्या भिंतीपासून लांब, ती भिंत रात्रीही आग ओकते. २५ मेपासून नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, तेव्हा पाणी सकाळी सहाला आणि सूर्य बुडाल्यावर. चंदेरी मुळं पूर्ण हिरवी होईपर्यंत द्या, पाच मिनिटांनी पुन्हा एकदा. दुपारी गच्चीच्या टाकीतलं पाणी चुकूनही नको, मुळं अक्षरशः उकडतात. कुलरच्या टाकीतलं पाणीही नको, बाष्पीभवनाने त्यात क्षार साठलेले असतात. बोअरचं पाणी जड असेल आणि मुळांवर पांढरी पुटं चढत असतील तर नळाचं वापरा, आणि पावसाळ्यात ड्रम भरून ठेवा.

मृगाचा पाऊस स्थिरावला की दुसरी नेट काढा आणि खत सुरू करा: १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत), लिटरला १ ग्रॅम, आठवड्यातून एकदा, मुळं आधी साध्या पाण्याने भिजवून. ऑक्टोबरपर्यंत हेच. एप्रिल-मेमध्ये खत बंद, कोरड्या मुळावर ते जळतं. सागवानी पट्ट्यांची सहा इंची टोपली आणि अंगठ्याएवढे तीन-चार कोळसे पुरेत. काथ्या भरू नका, श्रावणात कुजतो. झडीच्या दिवसांत शेंड्यात पाणी साचून राहिलं की मधलं पान ओढताच हातात येतं, तोच शेंडासड रोग. काळा भाग निरोगी हिरव्यापर्यंत कापा, मेटॅलॅक्सिल-मँकोझेबचं मिश्रण २ ग्रॅम लिटरला मारा, रोप पावसाच्या आडोशाला घ्या. शेंडा गेला तरी बुंध्यातून पिल्लं फुटतात, फेकू नका.

आंब्याचं झाड असेल तर टोपलीपेक्षा ते बरं. पूर्वेच्या फांदीवर जूनमध्ये सुती दोरीने बांधा, दोरी कुजेस्तोवर मुळं घट्ट धरतात. पेरू, अर्जुन नको, साल सोलून निघते. सागही नको, ऐन उन्हाळ्यात निष्पर्ण.

पोळा-मारबत झाली की पाणी हळूहळू कमी करा, दसऱ्यानंतर नेटही काढा. डिसेंबर-जानेवारीत पारा १० च्या आसपास आला तरी टेसेलाटा टिकते, फक्त पाणी दोन-तीन दिवसांआड, उशिरा सकाळी, संध्याकाळी मुळं कोरडी. हे हिवाळ्यातलं ऊन मिळालं नाही तर फुलांचा दांडा येत नाही.

फुलल्यावर तिन्ही डोळ्यांच्या उंचीवर, शेजारी-शेजारी टांगा. वास सकाळी चांगला येतो, आणि रोपारोपाचा थोडा वेगळा. शेंग धरली तर काढून टाका, ती कित्येक महिने रोपाला शोषते. रंगाची नोंद अॅल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्याने कोरा. आपल्या उन्हात प्लास्टिकची पट्टी ठिसूळ होते, पेनाची शाई त्याआधीच उडते.