वाचकांचे प्रश्न : कोर्टवरची बाई ऑफिसात गेली तर?

प्रश्न : माझी मुलगी टी.वाय.ला आहे. दोन वर्षं विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघातून खेळते. आता म्हणते, मला कोच व्हायचंय. तिचे बाबा म्हणतात, खेळ खेळापुरता ठीक, त्यावर घर चालतं का? माझा भाऊ टेक्सासमध्ये, ऑस्टिनला असतो. तो सांगतो की तिथं जोडी कॉनरॅट नावाच्या बाईंनी कॉलेजच्या मुलींना बास्केटबॉल शिकवण्यात आयुष्य काढलं आणि पुढे विद्यापीठाचं क्रीडा खातंही चालवलं. हे खरं का? आणि आपल्या मुलीला त्यातून काय घेता येईल?
— एक आई, सांगली

उत्तर : ताई, तुमचा भाऊ खरं सांगतोय. मी एकतीस वर्षं कॉलेजात शारीरिक शिक्षणाचं काम केलं, मुलींचे संघ बांधले, आणि या बाईंबद्दल हाताला लागेल ते वाचत आले. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कॉनरॅटबाई १९४१ सालच्या, मध्य टेक्सासमधल्या गोल्डथ्वेट या छोट्या गावातल्या. शाळेत असताना त्या सामन्यामागे सरासरी ४० गुण करायच्या. आकडा मोठा आहे, पण तो कशातून आला ते तुमच्या मुलीला जरूर सांगा. तेव्हा तिथल्या शाळांत मुलींचं बास्केटबॉल पाच नव्हे, सहा-सहा जणींचं असायचं. तिघी पुढे, तिघी मागे, आणि मधली रेघ कुणी ओलांडायची नाही. पुढच्या तिघींनी फक्त बास्केट करायचं, मागच्या तिघींनी फक्त अडवायचं. अख्खं कोर्ट धावणं मुलींच्या शरीराला झेपणार नाही, अशी मोठ्या माणसांची समजूत. मागच्या तीन मुलींना अख्ख्या शालेय आयुष्यात सामन्यात एकदाही बास्केटवर चेंडू टाकायला मिळत नसे. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते.

वेको शहरातल्या बेलर विद्यापीठात त्या शिकल्या, तिथंच शाळेत शिकवू लागल्या. १९६९मध्ये सॅम ह्यूस्टन स्टेट या कॉलेजात गेल्या. बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, अ‍ॅथलेटिक्स, सगळे संघ एकट्या बाईंकडे. आपल्याकडच्या पी.टी.च्या बाईंना हे चित्र घरचंच वाटेल. १९७३मध्ये आर्लिंग्टन शहरातलं विद्यापीठ, आणि १९७६मध्ये ऑस्टिनचं टेक्सास विद्यापीठ. तिथं त्या ३१ हंगाम राहिल्या.

मधल्या काळात एक कायदा झाला होता. १९७२चा 'टायटल नाइन'. मूळ वाक्य इंग्रजीत जेमतेम ३७ शब्दांचं, त्यात खेळाचं नावसुद्धा नाही. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेनं स्त्री-पुरुष असा भेद करायचा नाही, एवढंच. पण खेळाचा पैसाही संस्थेचाच, म्हणून मुलींच्या संघांना दार उघडलं. ते बंद करायचे प्रयत्नही लगेच सुरू झाले. जे खेळ कमाई करतात ते कायद्यातून वगळा, अशी दुरुस्ती टेक्सासच्याच एका सिनेटरनं मांडली. तिच्याविरुद्ध साक्ष द्यायला उभ्या राहिल्या डॉना लोपियानो. टेक्सास विद्यापीठात मुलींच्या क्रीडा खात्याच्या संचालक म्हणून त्या नुकत्याच आल्या होत्या. नोकरी नवी, विद्यापीठ फुटबॉलवेडं, आणि बाई सरळ जाऊन बोलल्या. कॉनरॅटबाईंना ऑस्टिनला आणलं ते याच लोपियानोंनी. मुलींचं खातं मुलांच्या खात्यापासून वेगळं होतं, त्याचा खर्चाचा कागद वेगळा होता, हे लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ तिथं आहे.

आता मैदानाकडे येते. १९८५ साली राष्ट्रीय स्पर्धेची शेवटच्या चार संघांची फेरी ऑस्टिनलाच होती. घरचं कोर्ट, घरचे प्रेक्षक, देशातला अव्वल मानला गेलेला संघ. आणि त्या फेरीच्या आधीच वेस्टर्न केंटकी विद्यापीठाच्या संघानं त्यांना ९२-९० असं हरवलं. आपल्या गावात मांडव पडलाय आणि आपल्याच मुली घरी बसल्यात. प्रशिक्षकानं अशा वेळी काय करायचं असतं ताई? दुसऱ्या दिवशी कोर्टवर जायचं असतं. पुढच्या वर्षी, १९८६मध्ये, टेक्सासच्या मुली ३४ सामने खेळल्या आणि ३४ जिंकल्या. अंतिम सामन्यात शेरिल मिलर ही नावाजलेली खेळाडू ज्या संघात होती त्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला त्यांनी ९७-८१ असं नमवलं. राष्ट्रीय महाविद्यालयीन संघटनेच्या मुलींच्या स्पर्धेत एकही सामना न हरता विजेतेपद मिळवण्याची ती पहिलीच वेळ. त्या सामन्यात सर्वांत उठून दिसली ती क्लॅरिसा डेव्हिस. पहिल्या वर्षाची मुलगी, सुरुवातीच्या पाचांत नाही, बाकावरून उठून आली आणि २४ गुण, १४ रिबाउंड (बास्केट न होता परत आलेले चेंडू पकडणं) घेऊन गेली. मला या आकड्यांत बाकावरच्या मुलीला तयार ठेवणारी प्रशिक्षक दिसते. सुरुवातीच्या पाच जणी कुणीही सांभाळेल. सहावी, सातवी, आठवी रोज मन लावून सराव करतेय की नाही, त्यावरून प्रशिक्षक ओळखावा.

१९९२मध्ये त्या मुलींच्या क्रीडा खात्याच्या संचालक झाल्या आणि संघही त्यांच्याकडेच राहिला. त्याच वर्षी विद्यापीठातल्या काही विद्यार्थिनी, आमच्या खेळांनाही अधिकृत संघाचा दर्जा द्या, म्हणून न्यायालयात गेल्या होत्या. तडजोड झाली आणि कॉनरॅटबाईंच्या कारकिर्दीत सॉकर, सॉफ्टबॉल आणि नौकानयन हे मुलींचे नवे संघ उभे राहिले. कॅट ऑस्टरमन ही पिचर (सॉफ्टबॉलमध्ये चेंडू टाकणारी) त्याच सॉफ्टबॉल संघातून पुढे आली आणि २००४च्या ऑलिंपिकमध्ये तिनं सुवर्णपदक जिंकलं. दहा वर्षांपूर्वी त्या विद्यापीठात तिच्या खेळाचा अधिकृत संघच नव्हता.

२००१मध्ये त्यांनी संचालकपद सोडलं, २००७मध्ये प्रशिक्षकपद. एकूण ९०० विजय, त्यांतले ७८३ टेक्सासचे.

घर चालतं का, असं तुमच्या यजमानांनी विचारलंय. प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे नुसत्या कोचिंगवर चालणं अवघड जातं, हे मी लपवणार नाही. कॉलेजातलं शारीरिक शिक्षण संचालकाचं पद, शाळेतली नोकरी किंवा क्रीडा खात्यातली जागा, यांपैकी एक पाय कुठेतरी रोवावा लागतो. पण ही पदं आहेत, त्यांना वेतनश्रेणी आहे आणि तिथं मुलींच्या संघासाठी मनापासून झटणारं माणूस फार हवं आहे. मुलीला अडवू नका.

प्रश्न : मी कॉलेजात आठ वर्षं मुलींचा संघ घेते. आता सर निवृत्त होताहेत आणि प्राचार्य म्हणतात, जिमखान्याचा पूर्ण चार्ज तुम्ही घ्या. माझा जीव कोर्टवर आहे. बिलं, कोटेशनं, मीटिंगा यांत अडकले तर मुलींकडे कोण बघणार?
— एक क्रीडाशिक्षिका, अमरावती

उत्तर : चार्ज घ्या. का, ते माझ्याच अनुभवावरून सांगते.

१९९४ सालची गोष्ट. आमच्या मुली आंतरविभागीय स्पर्धेला निघाल्या होत्या. त्याच आठवड्यात मुलांचा क्रिकेट संघ कॉलेजनं ठरवलेल्या गाडीतून गेला. माझ्या अकरा मुली एस.टी.नं. दोन चेंडू जाळीच्या पिशवीत, ती पिशवी कॅप्टनच्या मांडीवर. वाटेत गाडी बदलावी लागली, पोचायला रात्रीचे साडेबारा वाजले आणि सकाळी आठला सामना. तीन गुणांनी हरलो. परत आल्यावर मी टीए-डीएचं बिल लावलं, तर ते लाल शाईत शेरा मारून परत आलं : 'मंजूर तरतुदीत बसत नाही.'

मी ऑफिसात जाऊन तरतुदीचा कागद मागितला. तोवर इतक्या वर्षांत तो मी कधी पाहिलाच नव्हता, ही माझी चूक. क्रिकेट, कबड्डी, व्हॉलीबॉल, सगळ्यांना आपापली ओळ. मुलींचं बास्केटबॉल कुठेच नाही. आम्ही होतो सर्वांत खाली, 'इतर खेळ' या ओळीत, कॅरम आणि बुद्धिबळाबरोबर. मी रोज पहाटे सहाला ज्या मुलींना घाम गाळायला लावत होते, त्या कॉलेजच्या कागदावर नव्हत्याच. पुढे चार वर्षांनी मी जिमखाना समितीत गेले. पहिल्या बैठकीत एकच मागणी केली : 'बास्केटबॉल (मुली)' अशी स्वतंत्र ओळ. ती मिळाली. रक्कम फार नव्हती, पण पुढच्या वर्षीपासून मुली गाडीनं गेल्या आणि आदल्या दिवशी संध्याकाळी पोचू लागल्या.

अमेरिकेतली एक गोष्ट तुम्हाला माहीत असावी. १९७२मध्ये तिथल्या कॉलेजांत मुलींच्या संघांना शिकवणाऱ्यांत ९० टक्क्यांहून जास्त बायका होत्या. कायदा आला, मुलींच्या खेळात पैसा आला, पगार वाढले, आणि २०१४पर्यंत हे प्रमाण साधारण ४३ टक्क्यांवर उतरलं. बऱ्याच ठिकाणी मुलींचं वेगळं खातं मुलांच्या खात्यात विलीन झालं आणि वरच्या खुर्चीवर पुरुष बसले. चांगले पुरुष प्रशिक्षक मी पुष्कळ पाहिलेत, माझ्या मुलींना घडवणाऱ्यांत ते होते. पण नेमणूक करणाऱ्या टेबलापाशी एकही बाई नसली की बाईचं नाव सुचतच नाही, हेही मी पाहिलंय. म्हणून ते टेबल सोडू नका.

तुमची भीती मात्र खोटी नाही. कॉनरॅटबाईंचा संघ १९८७ला शेवटच्या चारांत होता, त्यानंतर थेट २००३मध्ये, म्हणजे संचालकपद सोडल्यावर दोन वर्षांनी. मधल्या काळात दुहेरी भार होता. दोन्ही कामांनी एकमेकांचा वेळ खाल्ला असणार, असं मला वाटतं. तेव्हा चार्ज घेताना प्राचार्यांकडून लेखी घ्या : संध्याकाळी साडेचार ते साडेसहा कुठलीही बैठक नाही. सहायकाची जागा रिकामी असेल तर ती भरण्याचा ठराव आधी, तुमची सही नंतर. आणि रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात तरतुदीचा कागद आणि डेड स्टॉक रजिस्टर (कॉलेजच्या सामानाची नोंदवही) स्वतः वाचा. मुलींच्या नावावर किती चेंडू चढवलेत आणि कपाटात किती आहेत, ते मोजा.

प्रश्न : कोच व्हायला बी.ए. नंतर नेमकं काय शिकायचं?
— टी.वाय.ची विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : बाळ, आधी ठरव. कॉलेजात संचालक व्हायचं असेल तर बी.पी.एड., एम.पी.एड. आणि मग नेट किंवा सेट. निव्वळ प्रशिक्षक व्हायचं असेल तर पतियाळाच्या एन.आय.एस.चा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) डिप्लोमा. तो लगेच जमणार नसेल तर त्यांचा सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स. पंचांची परीक्षाही देऊन टाक. स्कोअरशीट भरता न येणारी कोच मला चालत नाही.

आणि परीक्षा संपल्यावर, या उन्हाळ्यातच, जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेट. सकाळी एक तास पाचवी-सहावीच्या मुलींना ले-अप (धावत जाऊन जवळून बास्केट करणं) शिकवायची परवानगी माग. पहिल्या दिवशी किती आल्या, महिन्यानं किती उरल्या, ज्या गळल्या त्या कशामुळे गळल्या, हे तारीखवार एका वहीत लिही. मुलाखतीला जाताना सर्टिफिकेटांच्या फायलीबरोबर ती वही घेऊन जा.