अव्यंग सूर्य की सूर्याचा अव्यंग?

विचारणा अशी आहे: मोढेऱ्याच्या सूर्यमंदिरातल्या एका पाषाणमूर्तीच्या वर्णनात 'अव्यंग धारण केलेला सूर्य' असं वाचलं. मूर्तीचे हात तर तुटलेले आहेत, मग ती अव्यंग कशी? आणि 'अव्यंग' धारण कसं करतात?

'धारण' या शब्दापाशी तुम्ही अडलात हे फार बरं झालं. बहुतेकांना तो खटकतच नाही. जुन्या देवळांतून 'अव्यंग मूर्ती, म्हणजे कुठेही दोष नसलेली' असं ठोकून दिलं जातं आणि ऐकणारे माना डोलावतात. हे ऐकलं की माझं डोकं तापतं.

स्थळांच्या जाहिरातींतला 'निर्व्यसनी, अव्यंग' सगळ्यांना माहीत आहे. त्यावर वेळ घालवत नाही. एवढंच सांगतो की व्यंग माणसाला असतं. मूर्ती भंगते, खंडित होते, आणि न भंगलेल्या मूर्तीला 'अखंड' हा चांगला शब्द आपल्याकडे आहे.

सूर्याचा अव्यंग हे विशेषण नव्हे. ते नाम आहे, पुल्लिंगी आहे, आणि त्याचा अर्थ कमरेला बांधायची मेखला. मूळ शब्द अवेस्ता भाषेतला, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथांच्या प्राचीन इराणी भाषेतला, 'ऐव्याओंहन'. त्यातला 'ऐवि' म्हणजे आपला 'अभि', आणि पुढच्या धातूचा अर्थ बांधणं, कमर कसणं. संस्कृतात हा धातू वापरात राहिला नाही, ग्रीकमध्ये राहिला. त्यापासून तिथे 'पट्टा' या अर्थाचा 'झोने' शब्द झाला, आणि तोच इंग्रजीतून आपल्याकडे 'झोन' म्हणून आला. रेल्वेचा झोन, भूकंपाचा झोन आणि सूर्याच्या कमरेचा अव्यंग ही एकाच कुळातली भावंडं आहेत! मोनिअर-विल्यम्सच्या संस्कृत कोशात 'मग पुरोहितांची मेखला' हा अर्थ अवेस्ता रूपासह दिलेला आहे. कोश उघडायचे कष्ट घेतले तर कुणालाही सापडेल.

हे मग म्हणजे शाकद्वीपातून आलेले सूर्याचे पुजारी. कृष्णपुत्र सांबाने त्यांची अठरा कुळं आणली, असं भविष्यपुराण सांगतं. सूर्याची स्थापना मगांनी करावी, असं सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत स्पष्ट लिहिलं. सूर्याला 'उदीच्यवेष' म्हणजे उत्तरेकडचा पोशाख द्यावा, पायापासून छातीपर्यंत अंग झाकावं, हेही त्यानेच सांगितलं. त्याच्या नावातला 'मिहिर'सुद्धा इराणी 'मिह्र', म्हणजे सूर्यच आहे. मोढेऱ्याच्या सूर्याच्या पायांत उंच बूट का, याचं उत्तर या उदीच्यवेषात आहे. पुढे बुटांचं मूळ विसरलं गेलं आणि कथा रचली गेली: विश्वकर्म्याने सूर्याचं तेज सहाणेवर तासलं, पाय तेवढे राहिले, म्हणून ते उघडे कोरू नयेत.

मेखलेचंही तेच झालं. 'ज्याच्या अंगात व्यंग नाही अशा देवाची ती अव्यंग मेखला' अशी फोड करणारे विद्वान अजून भेटतात. त्यांना माझा एकच प्रश्न आहे. शब्द इतका सोपा संस्कृत असता, तर जुन्या ग्रंथांत तो 'वियद्ग', 'वियंग', 'यावियांग' अशा रूपांनी का सापडतो? घरच्या शब्दाला कुणी असं ठेचकाळत नाही. परका शब्द कानावरून उतरवताना लेखणी अडखळते, तशीच ती इथे अडखळली आहे. या पाठभेदांना बगल देऊन केलेली व्युत्पत्ती मी व्युत्पत्ती मानत नाही.

आता माझं स्वतःचं मत, आणि ते मी ठामपणे मांडतो. भविष्यपुराणात हा अव्यंग नागाच्या शरीरापासून झाला असं म्हटलं आहे. त्याचं नातं सापाच्या कातेशी जोडलं आहे. अभ्यासक याला पुराणकथा म्हणून पुढे जातात. मी जात नाही. ऐव्याओंहनचा जिवंत वारस म्हणजे पारशांची कुस्ती, त्यांचं कमरेला बांधायचं पवित्र सूत्र. कोकराच्या लोकरीचे ७२ धागे घेऊन ती विणतात आणि सुदऱ्यावरून, म्हणजे आतल्या पवित्र सदऱ्यावरून, कमरेभोवती तिचे तीन वेढे घेतात. पण विणण्याची रीत नीट बघा. कुस्ती सपाट विणत नाहीत, ती पोकळ नळीसारखी विणतात आणि विणून झाल्यावर सुईने आतली बाजू बाहेर काढून उलटी करतात. साप कात टाकतो तेव्हाही ती अशीच उलटत जाते, आतली बाजू बाहेर येते आणि मागे पोकळ नळी राहते. ज्या कुणी ही कथा प्रथम सांगितली त्याने मगाच्या हातात अशी मेखला उलटी होताना पाहिली असणार, असं माझं म्हणणं आहे.  

पैलवानांच्या कुस्तीचा शब्दही फारसीतून आलेला आहे, आणि कमरपट्टा धरून झोंबायचं म्हणून तोही या पट्ट्यावरूनच निघाला असं मी मानतो. पण तो विषय वेगळा.

मोढेऱ्याला पुन्हा गेलात तर गूढमंडपाच्या, म्हणजे गाभाऱ्यापुढच्या बंदिस्त मंडपाच्या, बाहेरच्या भिंती बघा. सूर्य सरळ उभा, पायांशी सात घोडे. प्रथम बूट पाहा, मग नजर वर न्या. खांद्यावरून तिरकं उतरतं ते यज्ञोपवीत. कमरेला आडवा वेढा घेतो तो अव्यंग. दक्षिणेतल्या सूर्यमूर्तींमध्ये पाय अनवाणी असतात आणि पोटावर दिसतो तो उदरबंध. त्याला अव्यंग म्हणू नये. आणि वर्णनं लिहिणाऱ्यांनी 'अव्यंग' शब्द वापरावाच, फक्त शेजारी 'मेखला' एवढं लिहावं.