मुलगा गेम खेळतो, म्हणून ड्रोन पायलट?

प्रश्न : माझा मुलगा बारावी सायन्सला आहे. अभ्यासात मध्यम. लहानपणापासून मोबाइल आणि कॉम्प्युटरवर गेम खेळतो, त्यामुळे हात आणि नजर एकदम तेज आहे. आताची युद्धं ड्रोनवरच चालतात, माणसाला जीव धोक्यात घालावा लागत नाही. म्हणून त्याला सैन्यात ड्रोन पायलट करायचं आम्ही ठरवलं आहे. गणवेशाचा मानही मिळेल आणि काळजीही नाही. ड्रोन उडवण्याचा एक सर्टिफिकेट कोर्स बघून ठेवला आहे. तो केल्यावर थेट भरती होता येईल का? परीक्षा कोणत्या?
ता. क. : त्याला एक वाईट खोड आहे. तासन्‌तास गच्चीवर पक्षी बघत बसतो आणि वहीत काहीतरी खरडतो. बारावीच्या वर्षात ही वेळेची नासाडी कशी थांबवावी?
– एक वडील

उत्तर :

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं ते मुलाचं म्हणणं माझ्या नजरेतून सुटलं की काय, हे पाहायला. ते नव्हतंच. 'आम्ही ठरवलं आहे' होतं, 'बघून ठेवला आहे' होतं. पण त्याला विचारलं आणि तो असं असं म्हणाला, अशी एकही ओळ नाही. मार्क मध्यम आहेत याची मला फारशी चिंता नाही. याची आहे.

दुसरी चिंता 'काळजीही नाही' या शब्दांची. मुलाने गणवेश घालावा पण त्याला ओरखडाही उठू नये, असं बापाला वाटणं मी समजू शकतो. मात्र हेच वाक्य तो उद्या एसएसबीच्या, म्हणजे सैन्यात अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या मुलाखतीत बोलला, तर पुढचे प्रश्न कुणी मनापासून विचारणार नाही. शिवाय ते खरंही नाही. युक्रेनच्या आघाडीवर २०२२ पासून काय चाललंय ते पाहा. टेहळणीचे छोटे ड्रोन दिवसरात्र घिरट्या घालत असतात, त्यामुळे रणगाड्यांचा ताफा एका जागी जमवणं म्हणजे आपणहून पत्ता कळवणं. एखादी तोफ दिसली की काही मिनिटांत तिच्यावर मारा सुरू होऊ शकतो. सैनिक दोघं-तिघं मिळून, अंधुक उजेडात किंवा धुक्याच्या आडोशाने पुढे सरकतात. मग ज्याच्या डोळ्यांमुळे हे सगळं होतं, त्याला शत्रू मोकळा सोडेल? हे ड्रोन चालवणारे आघाडीपासून काही किलोमीटरवर, कुठल्यातरी तळघरात नाहीतर खंदकात बसलेले असतात, आणि त्यांनाच हुडकून काढायची धडपड दोन्हीकडून चालते. जॅमिंग करून त्यांचा सिग्नल तोडला जातो. त्यावर उतारा म्हणून बारीक ऑप्टिकल फायबरची तार मागे सोडत जाणारे, सिग्नल त्या तारेतूनच नेणारे ड्रोन आले. तिथल्या कुणाला 'जिवाला धोका नाही' असं सांगून बघा.

वातानुकूलित खोलीतून चालणारे ड्रोनही आहेत, नाही असं नाही. पण तिथे गेमचा उपयोग होईल हा गैरसमज इतका पसरलाय की त्यावर जरा सविस्तर लिहितो. प्रीडेटर हा अमेरिकेचा मोठा ड्रोन १९९५ मध्ये बोस्नियावर टेहळणी करायला गेला. त्याचा पुढचा भाऊ म्हणजे रीपर. अमेरिकेच्या हवाई दलात अशा विमानावर दोघं असतात, एक वैमानिक आणि दुसरा कॅमेरा-सेन्सर सांभाळणारा. विमान एका खंडावर, ही दोघं दुसऱ्या. सिग्नल उपग्रहामार्गे जातो-येतो, त्यामुळे इथे हात हलला की पडद्यावर त्याचा परिणाम दिसेपर्यंत सेकंदभर, कधी त्याहून जास्त वेळ जातो. म्हणूनच अनेक वर्षं विमान वर न्यायला आणि खाली उतरवायला धावपट्टीजवळ वेगळं पथक ठेवावं लागलं. ग्लोबल हॉक या अमेरिकेच्याच टेहळणी ड्रोनची तर गंमतच आहे. ६० हजार फुटांवर ३० तासांहून जास्त राहू शकणारं हे विमान, आणि त्याला जॉयस्टिकच नाही. कीबोर्ड आणि माउसने मार्ग द्यायचा, विमान आपलं आपण जातं. तुमच्या मुलाच्या तेज बोटांना तिथे काय काम? आघाडीवरच्या छोट्या, चष्मा लावून उडवायच्या एफपीव्ही ड्रोनना हाताची सफाई लागते, हे खरं. पण ते उडवणारे कुठे बसतात, ते वर लिहिलंच आहे.

मोठ्या टेहळणी ड्रोनवरचं खरं काम म्हणजे बघत बसणं. एकच घर, एकच रस्ता, एक लांबलचक पाळी. दार कधी उघडलं, किती माणसं आत गेली, किती बाहेर आली, रोज अंगणात खेळणारी मुलं आज का दिसत नाहीत. बहुतेक वेळ काहीच घडत नाही, आणि काहीच घडलं नाही याचीही नोंद ठेवायची असते. त्या दोघांच्या मागे चित्रं वाचणारे आणि आलेली माहिती नकाशाशी ताडून पाहणारे कितीतरी लोक असतात. विमानात माणूस नाही म्हणून त्याला मानवरहित म्हणायचं. जमिनीवर माणसंच माणसं.

आणि बघण्यातही चूक होते. २९ ऑगस्ट २०२१ रोजी काबूलमध्ये अमेरिकी ड्रोनांनी एका पांढऱ्या टोयोटावर सुमारे आठ तास नजर ठेवली. गाडीत दहशतवादी आणि स्फोटकं आहेत असं समजून क्षेपणास्त्र सोडलं. गेले ते दहा सामान्य नागरिक, त्यांत सात मुलं. चालक एका मदतसंस्थेत काम करणारा होता, आणि दिवसभरात गाडीत चढवलेले ते कॅन पाण्याचे होते, असं नंतर वार्ताहरांनी शोधून काढलं. तीन आठवड्यांच्या आत पेंटॅगॉनने, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने, चूक कबूल केली. पुढे हवाई दलाच्या चौकशीत जी कारणं निघाली, त्यांतलं एक असं की मनात आधी जे ठरलं होतं, तेच समोरच्या चित्रात दिसत गेलं. कॅमेरा बिघडला नव्हता. आठ तास पुरेसे नव्हते असंही नाही.

हे मी मुद्दाम लिहितोय. तुम्ही तुमच्या मुलाला सतरा-अठरा वर्षं बघताय. त्याच्या हातात फोन दिसला, तुम्हाला पायलट दिसला. गच्चीवर वही दिसली, तुम्हाला नासाडी दिसली. ती वही कधी उघडून पाहिलीत? पक्षी बघणारा पोर वहीत बहुधा तारीख, वेळ, जागा, किती होते आणि काय करत होते, हे लिहितो. टेहळणीवाल्यांच्या नोंदी याहून फार वेगळ्या नसतात. पत्रात तुम्ही त्याची लायकी म्हणून जे लिहिलंत ते गैरलागू आहे, आणि लायकीच्या जवळचं काही असेल तर ते ता. क. मध्ये ढकललंय.

पण थांबा. म्हणून लगेच 'बघा, हा ड्रोनसाठीच जन्मलाय' असं घरात जाहीर करू नका. आवडीने बघणं आणि मारा करण्यासाठी बघणं यांत फरक आहे. दिवसचे दिवस ज्या घरावर नजर ठेवली त्याच्यावर स्फोट होताना पाहायचा, मग किती माणसं गेली ते मोजायला तिथेच कॅमेरा रोखून बसायचं, आणि पाळी संपली की घरी जायचं. रिमोट वैमानिकांमधला थकवा आणि ताण अमेरिकी हवाई दलाच्या स्वतःच्या पाहण्यांत वारंवार पुढे आलाय. जो मुलगा जीव लावून बघतो, त्याला हे पेलेल की जास्तच लागेल, हे मला इथे बसून सांगता येणार नाही. तुम्हालाही नाही.

परीक्षांचं थोडक्यात : बारावीनंतर एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची प्रवेश परीक्षा) किंवा लष्कराची टेक्निकल एन्ट्री, पदवीनंतर सीडीएस (तिन्ही दलांची संयुक्त परीक्षा) किंवा एएफकॅट (हवाई दलाची परीक्षा), आणि अधिकारी व्हायचं तर या सगळ्यांत एसएसबी. भारतीय हवाई दलाने २०२२ मध्ये वेपन सिस्टीम्स ही नवी शाखा जाहीर केली, तिच्यात दुरून चालवायची विमानं उडवणाऱ्यांनाही जागा आहे. पण आधी अधिकारी व्हावं लागतं. 'मला फक्त ड्रोन द्या' म्हणून कुणी आत घेत नाही. तुम्ही बघून ठेवलेल्या कोर्समधून फार तर डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, रिमोट पायलट सर्टिफिकेट मिळेल. ते नागरी कामासाठी, म्हणजे शेतावरची फवारणी, जमिनीची मोजणी, चित्रीकरण अशांसाठी असतं. अधिकारी भरतीचा तो रस्ता नाही. लष्कर आपली माणसं आपण शिकवतं. कोर्सवाल्याने याहून जास्त काही कबूल केलं असेल, तर ते लेखी मागा.

मुलाला खरोखर बघण्यातच रस असेल तर रिमोट सेन्सिंग, जिओइन्फॉर्मेटिक्स, प्राणिशास्त्र, पर्यावरणशास्त्र या वाटा आहेत. उपग्रहाचं चित्र वाचायला शिकलेला माणूस पूर, जंगल, पीक आणि वेळ पडली तर सीमाही वाचू शकतो. देहरादूनला भारतीय सुदूर संवेदन संस्था आणि भारतीय वन्यजीव संस्था दोन्ही आहेत. पदवीनंतर तिथल्या अभ्यासक्रमांची चौकशी करता येईल. प्राण्यांची गणती आता ड्रोन आणि थर्मल कॅमेऱ्यानेही होते. ड्रोन हवाच असेल, तर तो तिथेही भेटेल.

कोर्सचे पैसे इतक्यात भरू नका. वही बंद करू नका. आणि पुढचं पत्र त्याच्या हातचं येऊ द्या. सैन्यात जायचं असेल तर का, नसेल तर का नाही, एवढंच त्याने लिहावं. तुम्ही ते वाचून, दुरुस्त करून पाठवू नका. सोबत वहीतलं एखादं पान जोडता आलं तर बरं.