एका चहाची किंमत अर्धा वडापाव

अंदाजपत्रक रेषा म्हणजे हातातले सगळे पैसे खर्चून, बाजारातल्या भावाने, दोन वस्तूंच्या कोणकोणत्या जोड्या घेता येतात ते दाखवणारी रेषा. तिच्याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी सहा इथे घेतो आहे. प्रथम वर्षाच्या वर्गात ही रेषा एका तासात उरकतात आणि समवृत्ती वक्राकडे, म्हणजे सारखंच समाधान देणाऱ्या जोड्यांच्या रेषेकडे, धावतात, याचं मला वाईट वाटतं. माणसाला मनातून काय आवडतं ते आपल्याला दिसत नाही. त्याच्या हातात किती पैसे आहेत आणि बाजारात भाव काय आहे, हे मात्र मोजता येतं. जे मोजता येतं ते आधी नीट मोजावं.

उत्पन्न वाढलं तरी रेषेचा उतार का बदलत नाही? सूत्र पाठ आहे, पण पटत नाही. (बी.ए. प्रथम वर्ष, लातूर)

सूत्र क्षणभर बाजूला ठेव. वसतिगृहातल्या मुलीकडे वरखर्चाला महिन्याचे ६०० रुपये आहेत आणि ते फक्त चहा आणि वडापाव यांवरच जातात असं धरू. चहा १० रुपये, वडापाव २० रुपये. सगळे पैसे चहावर घातले तर ६० कप, सगळे वडापाववर घातले तर ३० वडापाव. चहा आडव्या अक्षावर, वडापाव उभ्या अक्षावर. दोन टोकं जोडली की रेषा तयार. आता एक चहा जास्त हवा असेल तर काय सोडावं लागेल? अर्धा वडापाव. उतार म्हणजे एवढंच: एकाच्या बदल्यात दुसऱ्यातलं किती सोडायचं, याचा बाजारातला दर. घरून ६०० ऐवजी ८०० आले तर टोकं ८० आणि ४० वर जातात आणि रेषा समांतर बाहेर सरकते. पण टपरीवाला तिची मिळकत विचारून भाव लावत नाही. एक चहा अजूनही अर्ध्या वडापावाचाच.

आता पैसे ६००च ठेव आणि वडापाव २५ रुपयांचा कर. वडापावाचं टोक २४ वर उतरतं, चहाचं ६० वरच राहतं. एका चहासाठी आता ०.४ वडापाव सोडावा लागतो. चहाचा भाव पैशानेही हलला नाही, तरी वडापावाच्या तुलनेत चहा स्वस्त झाला. ही सापेक्ष किंमत एकदा डोक्यात बसली की पुढचं बरंच काही आपोआप सुटतं.

ग्राहक नेहमी रेषेवरच असतो का? मी तर दर महिन्याला काही शिल्लक टाकते. (गृहिणी, नाशिक)

शिल्लक म्हणजे उद्याच्या वस्तूंसाठी आज राखलेले पैसे. उभ्या अक्षावर ‘बाकी सगळं’ घेतलं की ती त्यातच येते, आणि तुम्ही रेषेवरच असता.

रेशनऐवजी तेवढीच रोख दिली तर गरीब कुटुंबाला काय फरक पडतो? (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, पुणे)

या प्रश्नाला कागद-पेन्सिल घेऊनच बसा. २०१३च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं. पूर्वी त्यासाठी तांदळाला किलोमागे ३ आणि गव्हाला २ रुपये पडायचे. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. चौघांच्या घराला २० किलो. हिशेबापुरतं उत्पन्न ९,००० रुपये आणि बाजारातलं धान्य ३० रुपये किलो धरा.

आडव्या अक्षावर धान्य, उभ्यावर बाकी खर्चाचे पैसे. मोफत रेशन असताना रेषा ९,००० वर सुरू होते आणि २० किलोपर्यंत सपाट जाते, कारण तिथवर एक रुपयाही सोडावा लागत नाही. मग ती बाजारभावाच्या उताराने खाली येत ३२० किलोला टेकते. रेशनऐवजी ६०० रुपये रोख दिले तर रेषा ९,६०० वर सुरू होते, आणि टेकते ३२० किलोलाच. २० किलोच्या पुढे दोन्ही रेषा एकच! फरक आहे तो फक्त डावीकडच्या छोट्या त्रिकोणाचा. ज्या घराला महिन्याला ३० किलो लागतं, त्याला रेशन आणि रोख सारखीच.

मग फरक कुणाला पडतो? ज्वारीची भाकरी खाणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याला, ज्यांच्या पदरात तांदूळ पडतो. त्यांची गरज कमी आणि वेगळी. त्यांना रोख नक्कीच बरी वाटेल. रेशनचा तांदूळ बाजारात विकणाऱ्यांना नावं ठेवण्याआधी ही सपाट रेषा आठवावी. ती जिथे संपते त्या २० किलोच्या कोपऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला चार किलो तांदूळ सोडून डाळ हवी असते आणि त्याची रेषा त्याला तिकडे जाऊ देत नाही.

तरीही माझं मत धान्याच्या बाजूने आहे. भाव ४० वर गेला तर त्याच ६०० रुपयांत १५ किलोच येतं. २० किलोची पिशवी मात्र २० किलोचीच राहते.

विजेचे शंभर युनिट ओलांडले की सगळंच बिल महाग दराने लागतं, मग रेषा तिथे तुटते का? (बी.कॉम., कोल्हापूर)

तुटत नाही, वाकते. महावितरणच्या घरगुती बिलात वरचा दर फक्त १०० च्या पुढच्या युनिटांना लागतो. सोयीसाठी पहिल्या टप्प्याला ५ आणि पुढच्याला ११ रुपये धरा. ११० युनिटांचं ऊर्जा शुल्क ५०० अधिक ११०, म्हणजे ६१० रुपये, १,२१० नव्हे. १०० वर रेषा एकदम जास्त उतरती होते, त्यामुळे अनेकांची निवड त्याच कोपऱ्यावर येऊन थांबू शकते. खरोखर तुटलेली रेषा पाहायची तर दिल्लीची २०१९ची योजना पाहा. तिथे २०० युनिटांपर्यंत बिल शून्य, पण त्यापुढे पहिल्या युनिटापासूनच्या बिलात फक्त सवलत. २०१वं युनिट त्या घराला शेकडो रुपयांना पडतं.

पुस्तक म्हणतं, भाव आणि उत्पन्न सारख्या प्रमाणात वाढले तर रेषा हलत नाही. महागाई भत्ता वाढूनही आमची ओढाताण का? (निवृत्त शिक्षक, सातारा)

सर, पुस्तक बरोबर आहे, पण सगळे भाव एकाच टक्क्याने वाढतात कुठे? रशियन अर्थशास्त्रज्ञ स्लुत्स्की यांनी १९१५ मध्ये हाच प्रश्न बारकाईने सोडवला: भाव बदलल्यावर जुनी टोपली, म्हणजे आधी घेत होतो त्याच वस्तू, जेमतेम घेता येईल एवढी भरपाई दिली, तर नवी रेषा जुन्या टोपलीतून जाते, फक्त तिचा उतार वेगळा असतो. अशा भरपाईनंतर माणूस आधीपेक्षा वाईट स्थितीत राहत नाही. महागाई भत्त्यामागची कल्पना याच जातीची आहे. गोम आहे ती टोपलीत. भत्ता ठरतो औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावर, आणि त्यातली टोपली कामगार कुटुंबांच्या २०१६च्या खर्चावर बेतलेली आहे. तुमच्या टोपलीत औषधं, तपासण्या आणि घरकामाची मदत जास्त. त्यांचे भाव निर्देशांकापेक्षा वेगाने वाढले, तर नवी रेषा तुमच्या जुन्या टोपलीच्या खालून जाते. तुमची ओढाताण खरी आहे.

एसटीचं तिकीट अर्धं झालं, तरी आई तपासणीला तालुक्याला जात नाही. आळसच ना? (बार्शी तालुक्यातून)

नाही, ताई. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं भाडं आहे. पण आई शेतात रोजाने जाते, असं तुम्हीच लिहिलं आहे. पैशाच्या रेषेशेजारी दिवसाच्या २४ तासांची आणखी एक रेषा असते, आणि ती सरकारच्या सवलतीने हलत नाही. जाऊन-येऊन भाडं १६० होतं ते ८० झालं आणि बुडणारी मजुरी ३०० धरली, तर त्या फेरीची खरी किंमत ४६० वरून ३८० वर आली. भाडं निम्म्याने उतरलं, फेरी मात्र जेमतेम सतरा टक्क्यांनी. शेतात काम नसेल त्या दिवसाची तपासणी ठरवून पाहा. त्या दिवशी तिची फेरी ८० रुपयांचीच असेल.