वाचकांचे प्रश्न : ऊस, शाळू आणि गावाचे एकमत

प्रश्न : आमच्या लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यातल्या गावात निम्मे शेतकरी ऊस लावतात. उरलेल्यांचे म्हणणे असे, की बोअर उसामुळेच आटले असून रब्बीला पुन्हा शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, पेरला पाहिजे. ग्रामसभेत हा विषय निघाला, की भांडण होते. दोघांना पटेल असे काही निघेल का?

उत्तर : निघेल, मात्र ‘ऊस हवा की नको’ हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवावा लागेल. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, ते दिवस सर्वांनीच सोसले आहेत. तेव्हा ऊसवाल्यांना पाण्याची किंमत कळत नाही, असे गृहीत धरून बोलू नये. उसाला कारखाना हे ठरलेले गिऱ्हाईक आहे आणि केंद्राने ठरवलेला किमान दर त्याला द्यावाच लागतो. ज्वारीचा हमीभाव जाहीर होतो खरा, पण बहुतेकांना माल आडतीवर मिळेल त्या भावाने घालावा लागतो. शिवाय शाळू हाताने उपटावा लागतो आणि ऐन काढणीत मजूर मिळत नाहीत. शाळूचा आग्रह धरणाऱ्यांनी ही अडचण आधी मोकळेपणाने मान्य करावी, असे मला मनापासून वाटते.

बोलणी कडब्यापासून, म्हणजे ज्वारीच्या वाळलेल्या ताटांच्या वैरणीपासून, सुरू करावीत. दावणीला जनावरे ऊसवाल्यांच्याही आहेत, आणि गाळप संपून वाढे (उसाचे हिरवे शेंडे) मिळेनासे झाले, की तेही कडबा विकतच घेतात. म्हणून प्रत्येकाने खोडवा (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटलेला ऊस) मोडलेल्या रानात लगेच नवी लागण न करता खरिपात मूग किंवा उडीद आणि त्यावर शाळू असा एक फेर घ्यावा, एवढेच मागावे. भारी काळ्या रानात शाळू बराचसा मुरलेल्या ओलीवरच येतो, त्यामुळे तेवढ्या क्षेत्राचे पाणी वाचते आणि धान्याबरोबर वैरणही घरात येते. काढणीसाठी सावड घालण्याचे, म्हणजे एकमेकांच्या रानात आळीपाळीने राबण्याचेही त्याच वेळी ठरवावे.

गिऱ्हाईक मात्र आधी शोधावे. लातुरात शिकवणीसाठी राहणाऱ्या मुलांच्या खाणावळींना बचत गटाने ज्वारीचे पीठ पुरवता येईल का, हे प्रत्यक्ष जाऊन विचारावे. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू-तांदळाबरोबर भरड धान्यही आहे; रेशनवर ज्वारी मिळावी, असा ठराव ग्रामसभेत दोन्ही बाजूंना एकत्र करता येईल.

ही बैठक पोळ्यापर्यंत लांबवू नये. मे महिन्यात, कडब्याच्या पेंढीचा भाव सर्वांनाच टोचत असताना ती घ्यावी.