आधी माथा धरा, बंधारा नंतर मागा : पाणलोटाच्या कामांबद्दल आलेल्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आमच्या नाल्यावर शासनाच्या निधीतून सिमेंट बंधारा झाला. पहिली दोन वर्षे दिवाळीनंतरही पाणी टिकले, विहिरींची पातळी वाढली. आता बंधाऱ्यात छातीभर गाळ आहे आणि पाणी दसऱ्यालाच आटते. वरचा डोंगर वनखात्याचा असल्याने तिथे काम करता येत नाही, असे सांगतात. ग्रामपंचायतीचा विचार आहे की खाली आणखी एक बंधारा मागावा. काय करावे?

उत्तर : दुसरा बंधारा आत्ता मागू नका. वरून येणारी माती थांबली नाही तर तोही असाच भरेल, आणि गावाच्या वाट्याचा निधी मात्र खर्च झालेला असेल.

पहिला जोराचा पाऊस उघडला की चार-सहा जणांनी नाला धरून वर चढत जावे. कुठल्या ओघळीतून तांबडे पाणी येते आणि कुठल्या ओघळीतून निवळ येते, हे तेव्हाच दिसते. तांबडे पाणी देणाऱ्या ओघळी कागदावर मांडा. पहिली कामे तिथे व्हायला हवीत. माथ्यावर सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले लांब चर), ओघळीत अनघड दगडी बांध, त्याखाली गॅबियन (तारेच्या जाळीत दगड भरून केलेला बांध) किंवा माती नाला बांध आणि सर्वांत शेवटी सिमेंट बंधारा, हा क्रम आहे. ‘माथा ते पायथा’ हे शब्द प्रत्येक योजनेच्या कागदावर असतात, पण मागणी पायथ्याच्या कामाची होते, कारण ते काम रस्त्यावरून दिसते.

चराचे मोल हिशेबाने पाहा. ६० सेंमी रुंद आणि ३० सेंमी खोल चराच्या एका मीटर लांबीत १८० लिटर पाणी मावते. दर १० मीटरवर एक ओळ धरली तर हेक्टरी १,००० मीटर चर होतो, म्हणजे एका भरण्यात १ लाख ८० हजार लिटर. पावसाळ्यात असा चर एकदाच भरत नाही. जितक्या वेळा भरून मुरेल तितक्या वेळा तेवढे पाणी डोंगराच्या पोटात जाते, आणि माती जागेवर राहते.

अट एकच आहे, चर खरोखर समतल हवा. नजरेच्या अंदाजाने खणलेला चर एका बाजूला उतरतो, सगळे पाणी त्या टोकाला जमते, तिथे भराव फुटतो आणि नवी ओघळ तयार होते. म्हणजे न केलेल्या कामापेक्षा केलेले काम महाग पडते. आखणी ‘ए’ चौकटीने (इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखी, ओळंबा लावलेली लाकडी चौकट) किंवा हायड्रोमार्करने (पाण्याच्या नळीने पातळी दाखवणारे साधन) करून घ्या. खणलेली माती नेहमी उताराच्या खालच्या अंगाला टाकायची, आणि चराच्या काठापासून थोडी जागा सोडून, नाहीतर तीच माती पुन्हा चरात येते. पहिल्या पावसानंतर चरात पाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखे उभे आहे का, हे बघितल्याशिवाय काम पूर्ण झाले असे समजू नका.

आता वनजमिनीबद्दल. ‘तिथे काम करताच येत नाही’ हे बरोबर नाही. १९८० चा वन संवर्धन कायदा वनजमिनीच्या वनेतर वापरावर बंधन घालतो. जंगलाचे संरक्षण, विकास आणि व्यवस्थापन यासाठी केलेली कामे त्या कायद्यानुसार वनेतर वापरात मोडत नाहीत. बांध, पाणवठे, चर यांचा उल्लेख त्यात आहे. अर्थात ही कामे वनविभागाने किंवा त्याच्यामार्फत व्हायला हवीत. गावाने परस्पर जेसीबी नेऊन खोदकाम करू नये. तो गुन्हा ठरेल आणि पुढची सगळी बोलणी बिघडतील.

ज्या गावांना वनहक्क कायदा, २००६ लागू होतो तिथे आणखी एक वाट आहे. या कायद्याच्या कलम ३(२) प्रमाणे लहान तलाव आणि पाणी साठवण्याच्या रचनांसारख्या सुविधांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वापरता येते, मात्र हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडावी लागू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. सामूहिक वनहक्क मिळाला असेल तर जंगल राखण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे येतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने तो २००९ मध्ये मिळवला.

म्हणून शिवारफेरीला वनरक्षकांना सोबत घ्या. गाव आराखड्यात ‘डोंगरावर जलसंधारण’ असे मोघम लिहू नका. वनकक्ष क्रमांक (वनखात्याने पाडलेल्या जंगलाच्या भागाचा क्रमांक), ओघळीचे स्थानिक नाव, चराची अंदाजे लांबी, दगडी बांधांची संख्या, सगळे ठरावात येऊ द्या. ठरावाची एक प्रत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना, एक तालुका कृषी अधिकाऱ्यांना आणि एक मृद व जलसंधारण विभागाला द्या, प्रत्येक प्रतीवर पोच घ्या. गावात संयुक्त वन व्यवस्थापन समिती असेल तर तिच्या बैठकीत हाच ठराव पुन्हा घ्या. चरांची आणि दगडी बांधांची कामे मजुरीप्रधान आहेत, रोजगार हमीतून ती बसतात आणि पैसा गावातच राहतो. तीन खात्यांची कामे एका पाणलोटात एकाच क्रमाने लागावीत, हा आग्रह गावानेच धरावा लागतो. आम्ही अधिकारी बदलून जातो, गाव तिथेच असते.

प्रश्न : डोंगरावर चर आणि झाडे झाली की चराई बंद करतात. आम्ही भूमिहीन, शेळ्यांवर घर चालते. आम्ही कुठे जायचे?

उत्तर : हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर काम सुरू होण्याआधी ग्रामसभेत मिळायला हवे. ज्यांच्या विहिरींना पाणी वाढते त्यांची जमीन पायथ्याला असते, आणि चराईबंदीचा भार तुमच्यासारख्यांवर पडतो. ते तसेच चालू दिले तर पहिल्याच उन्हाळ्यात रोपे खाल्ली जातात किंवा डोंगर पेटतो. मग दोष शेळ्यांना देऊन काही साधत नाही.

सगळा डोंगर एकदम बंद करू नका. तीन भाग पाडा, एक भाग बंद ठेवून दोन चराईला मोकळे ठेवा, आणि बंद भागातली रोपे जनावरांच्या तोंडाबाहेर गेली की पुढचा भाग धरा. बंद म्हणजे जनावर बंद, विळा नव्हे. गवत कापून नेण्याची मुभा ठरावात स्पष्ट लिहून घ्या आणि त्यात भूमिहीनांचा हक्क पहिला ठेवा. हिवरे बाजारने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली, पण गवत कापून नेता येत होते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या त्या कमी पावसाच्या गावात चारा वाढला, दुधाचा धंदा उभा राहिला. गावाने बंदी स्वतः ठरवली होती म्हणून ती टिकली.

चराच्या भरावावर पावसाच्या तोंडावर मारवेल, पवन्या, स्टायलो यांचे बी टाका. मुळे भराव धरून ठेवतात आणि चाराही तुमचाच होतो. झाडांत कडुलिंब, खैर, करंज, आवळा, बोर घ्या. सीताफळाला शेळी तोंड लावत नाही, म्हणून ते कडेच्या ओळीत लावावे. फक्त गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावून डोंगर हिरवा करण्याचा प्रस्ताव आला तर ग्रामसभेत नाही म्हणा. हिरवळ लवकर दिसते, पण गवताची जागा जाते. खड्डे एप्रिल-मेमध्ये घेऊन तापू द्यावेत आणि जमिनीत ओल खोलवर गेल्यावरच रोपे लावावीत. एका सरीवर घाई केली की पावसाच्या पहिल्या ताणात रोपे जातात.

प्रश्न : नाला खोलीकरणासाठी पोकलेन मिळत आहे. जितके खोल तितके पाणी जास्त, हे खरे का?

उत्तर : नाही. आपल्या राज्याचा सुमारे चार पंचमांश भाग काळ्या पाषाणाचा आहे. यात पाणी मुख्यतः वरच्या मुरमाच्या आणि फुटक्या खडकाच्या थरात साठते. नाला त्या थराच्या खाली खणला की दोन्ही काठांच्या विहिरींचे पाणी पाझरून नाल्यात उतरते. नाला भरलेला दिसतो आणि विहीर लवकर आटते. साचलेला गाळ काढा, मुरूम लागला की थांबा, आणि गरज वाटली तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकांना जागा दाखवा. निघालेली माती काठावर ढीग करून ठेवली तर आषाढात ती परत नाल्यात येते.

जलयुक्त शिवार अभियान डिसेंबर २०१४ पासून राबवले गेले. त्यातून पुष्कळ गावांत चांगली कामे झाली. तरीही २०२० मध्ये विधिमंडळात मांडलेल्या कॅगच्या (सरकारी खर्चाची तपासणी करणारे महालेखापरीक्षक) अहवालाने ९,६३३ कोटी रुपये खर्चूनही भूजल पातळी वाढवण्यात अभियानाचा परिणाम अल्प असल्याचे म्हटले. आपल्या गावात तसे होऊ नये म्हणून काम घेण्याआधी आणि नंतर सात-आठ विहिरींची पातळी दोराने मोजून वहीत लिहा, एकदा ऑक्टोबरात, एकदा मेमध्ये.

प्रश्न : बंधाऱ्याच्या पाण्यावर थेट मोटर टाकली तर?

उत्तर : टाकू नये. ते पाणी मुरण्यासाठी अडवले आहे. काठावरच्या दोघांनी उपसले तर खालच्या वीस विहिरींचा वाटा जातो. ग्रामसभेने तसा ठराव करावा आणि पहिली मोटर निघावी ती गावातल्या वजनदार माणसाची. हिवरे बाजार दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून मग पिके ठरवते. रब्बीच्या पेरणीआधी आपल्याकडेही ही बैठक घ्या. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा असेल तर बर्गे (बंधाऱ्याच्या दारात पाणी अडवायला बसवायच्या फळ्या) कुठे ठेवलेत, किती शाबूत आहेत, हे सप्टेंबरातच पाहा. पावसाचा जोर ओसरल्यावर बर्गे उशिरा बसवले तर हाती आलेला शेवटचा पूर वाहून जातो.

प्रश्न : बंधाऱ्यातला गाळ शेतात टाकावा का, किती टाकावा?

उत्तर : हलक्या, मुरमाड जमिनीत जरूर टाका. भारी काळ्या जमिनीत टाकू नका, निचरा आणखी बिघडेल. आधी गाळाचे माती परीक्षण करून सामू (आम्ल-विम्लता), क्षारता आणि चुनखडी पाहा. हातात घेऊन चोळल्यावर वाळूच जास्त लागली तर वाहतुकीचा खर्च वाया जाईल.

एका एकरावर १० सेंमी थर द्यायचा तर सुमारे ४०० घनमीटर, म्हणजे १४० ब्रास गाळ लागतो. एवढा एकदम टाकण्यापेक्षा पहिल्या वर्षी निम्मा टाकून शेणखताबरोबर चांगला मिसळा. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत अत्यल्प आणि अल्पभूधारकांना एकरी १५,००० रुपये, अडीच एकरांच्या मर्यादेत ३७,५०० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद केलेली आहे. अर्ज करण्यापूर्वी चालू वर्षाचे निकष तालुका कार्यालयातून तपासून घ्या. सातबारा, आठ-अ आणि बँक खात्याची माहिती तयार ठेवा, आणि गाळ नेण्याआधी व टाकल्यानंतर त्याच जागेवरून शेताचे फोटो काढा. काम मेअखेर आटोपा, कारण ओल्या गाळात ट्रॅक्टर रुततो आणि गाळाचा थर पेरणीपूर्वी जमिनीत मिसळता येत नाही.