पिशवीवरचं नाव

"मदत घेतली तर गावाला कळंल की हो, बाई." हे वाक्य आम्हा एचआयव्ही समुपदेशकांना नवीन नाही. पण आटपाडीकडच्या एका आजीनं ते म्हटलं, तेव्हा चूक माझी होती. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

आजीचा मुलगा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, कामाला परमुलखात होता. तो वारला, मागोमाग सूनही. मागं उरली नववीतली नात आणि नऊ वर्षांचा नातू. नातू पॉझिटिव्ह. घरात दाणा नाही म्हणून मी एका संस्थेला कळवलं. त्यांनी धान्य धाडलं, पण पिशवीवर ठसठशीत छापलेलं: 'एड्सग्रस्त कुटुंबांसाठी'. संध्याकाळपर्यंत गल्लीत कुजबुज. २०१७ चा एचआयव्ही कायदा सांगतो की संमतीशिवाय कुणाची लागण उघड करायची नाही, आणि आम्ही ती पिशवीवर छापून दारात नेऊन ठेवली होती! पुढच्या महिन्यात आजी गोळ्या न्यायला आलीच नाही.

मग मी एसटीनं गेले. सोबत शेजारच्या गावातली, बचत गटातली एक बाई होती. तिनं आधी चहा मागितला, गटाच्या हप्त्यांचं रडगाणं गायलं, आणि मग हळूच म्हणाली, "मावशी, मीबी रोज रातच्याला गोळी खाते. बारा वर्सं झाली." आजी तिच्याकडं बघतच राहिली. मग उठून आतून एक पुडी घेऊन आली. नाव दिसू नये म्हणून गोळ्या बाटलीतून काढून कागदात बांधलेल्या! ओल लागून गोळ्या बिघडतात. लेबल खुशाल खरवडा, पण गोळ्या बाटलीतच ठेवा, हे इतक्या वर्षांत मला कुणाला सांगायचं सुचलं नव्हतं.

पैशांसाठी आम्ही बालसंगोपन योजनेचा अर्ज केला. महिन्याला प्रत्येक मुलामागे २,२५० रुपये. आईवडील नाहीत, एवढं कारण तिथं पुरतं. मृत्यूचे दाखले जोडले, शाळेचा बोनाफाईड जोडला, आजाराचा उल्लेख कुठंच केला नाही. शाळेलाही काही सांगितलं नाही, सांगायची गरजच नसते. आता बचत गटाची बाई महिन्यातून एकदा जाते. गावाच्या लेखी ती हप्ता मागायला येते.

नातीला अजून सगळं ठाऊक नाही. ते कधी सांगायचं यावर आजीचं नि माझं जमत नाही.

ती पिशवी आजीनं उलटी करून शिवलीय. बाजाराला तीच नेते.